रिबल नदीकाठचे सात दिवस

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आठवड्यातला एकच दिवस आम्हांला स्वतःच्या कामांसाठी मिळतो आणि तो सोमवार असतो. कपडे धुणे, आठवड्याचा बाजार, खोलीची झाडलोट आणि घरी फोन एवढे सगळे संध्याकाळपर्यंत उरकायचे असते, कारण त्यानंतर काळ्या रंगाची नावाची पट्टी पुन्हा छातीवर लावून बाहेर पडायचे असते. मी पुण्याची, वय वर्षे २२. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन या शहरात, गेले ४ महिने मी धर्मसेविका म्हणून राहते आहे. आमच्या मंडळीला जग मॉर्मन या नावाने ओळखते. गेल्या सप्टेंबरात वयाच्या १०१व्या वर्षी वारलेले आमचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ साली आग्रहाने सांगितले होते की, हे टोपणनाव बाजूला ठेवून येशू ख्रिस्ताचे नाव असलेले मंडळीचे पूर्ण नावच वापरावे, आणि दारोदारी आम्ही तेच सांगतो. मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते ती बहुधा जुन्या नावानेच. मुलांची सेवा दोन वर्षांची असते, मुलींची १८ महिन्यांची. त्यासाठी पगार मिळत नाही. उलट घरच्यांनी दरमहा काही रक्कम भरायची असते. माझे ११ महिने पूर्ण झाले आहेत.

सकाळी ९ वाजता घरी फोन लावला. पूर्वी धर्मसेवकांना वर्षातून दोनदाच घरी बोलता येत असे. २०१९पासून दर आठवड्याला चेहरा पाहून बोलण्याची मुभा मिळाली, आणि त्यामुळे माझ्यासारख्यांचे किती दिवस सुसह्य झाले असतील, याचा हिशेब करता येणार नाही. पुण्यात दुपारचे अडीच वाजले होते. आजी कालच्या कार्तिकी एकादशीचा उपास सोडून निवांत बसली होती. गुडघ्यांमुळे यंदा तिला पंढरपूरला जाता आले नाही, याची खंत तिने दोनदा बोलून दाखवली. आई आणि मी मंडळीत आलो तेव्हा आजी महिनाभर आमच्याशी नीट बोलत नव्हती. नंतर एके दिवशी ती आपणहून बोलायला लागली, पण त्या महिन्याविषयी तिने आजवर एक अक्षर काढलेले नाही आणि आम्हीही विचारलेले नाही.

आज तिने मध्येच विचारले, "तू तिकडे देवाशी इंग्रजीतच बोलतेस का गं?"

"हो आजी, इथे सगळे इंग्रजीतच बोलतात."

"आणि एकटी असतेस तेव्हा?"

मी म्हटले, तेव्हाही इंग्रजीतच, कारण प्रार्थना करायला मी इंग्रजीतूनच शिकले. आमची पुण्यातली रविवारची सभाही बरीचशी इंग्रजीत चालते. आजी थोडा वेळ गप्प राहिली, मग "जेवणाची आबाळ करू नकोस" एवढेच म्हणाली.

दुपारी एक वाईट गोष्ट घडली. निघताना आजीने दिलेली गोधडी मी पहिल्यांदाच धुलाईच्या दुकानातल्या यंत्रात टाकली आणि बाहेर काढली तेव्हा तिचा एक कोपरा वीतभर फाटला होता. वरचे लुगडे उसवून आतले पांढरे कापड दिसत होते. माझी सोबतीण न्यूझीलंडमधल्या सामोअन कुटुंबातली आहे. आम्हांला नियमाने २४ तास एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहावे लागते, त्यामुळे रडू लपवायला जागा नव्हती. तिने ओली गोधडी दोन खुर्च्यांवर पसरली आणि एक शब्द न बोलता माझ्याशेजारी बसून राहिली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी, एकटीचे वाचन, दोघींचे मिळून वाचन, आणि दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊपर्यंत परत, साडेदहाला दिवे बंद. अकरा महिन्यांत हा क्रम अंगवळणी पडला आहे आणि मला तो आवडतो. काय करायचे ते ठरलेले असले की मन भलत्या दिशांना धावत नाही.

प्रेस्टनचे जुने मोहल्ले म्हणजे लाल विटांच्या, एकमेकांना खांदा लावून उभ्या असलेल्या दुमजली घरांच्या ओळी. गिरण्यांसाठी बांधलेली ही कामगारांची घरे पाहिली की मला लालबागच्या चाळी आठवतात. माझे आजोबा मुंबईत गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही आणि बिऱ्हाड पुण्याला आले. या गावाशी माझे काही नाते असलेच तर ते आधी कापसाचे आहे. यांत्रिक सूतकताईला ज्याच्या यंत्राने दिशा दिली तो रिचर्ड आर्कराइट १७३२ साली याच गावात जन्मला, आणि स्टोनीगेट नावाच्या गल्लीतले ज्या घरात त्याने त्या यंत्रावर काम केले, ते अजून उभे आहे.

आज पाऊस बारीक पण न थांबणारा होता. १४ दारे वाजवली. ९ उघडली नाहीत, ५ सौजन्याने बंद झाली. एकदा बंद झालेले दार पुन्हा वाजवू नये, हे माझे ठाम मत आहे. पंधराव्या घरासमोर एक आजोबा खराट्याने ओली पाने गोळा करत होते. आम्ही काही न सांगता खराटे मागून घेतले आणि अर्ध्या तासात फाटकापासून दारापर्यंत सगळे झाडून दिले. त्यांची लेक घरातच होती, त्यामुळे आत जायला आमच्या नियमाची आडकाठी नव्हती. आजोबांनी शेगडीजवळची खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाले, "सिट दी डाऊन, लास."

मी उभीच राहिले. बसायला सांगितले हे कळले होते, पण 'दी' हा शब्द मी फक्त प्रार्थनेत ऐकला होता. आमच्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला 'यू' म्हणत नाहीत. 'दाऊ' आणि 'दी' हे जुने शब्द वापरतात आणि ते आदराचे आहेत असे शिकवतात. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना ते पाठ केले, आणि तेव्हापासून माझ्या कानाला ते शब्द संगमरवरी वाटतात, थंड आणि उंचावरचे. ते इथे एक म्हातारा माणूस ओल्या कोटाच्या मुलीला शेगडीजवळ बसवताना वापरत होता.

चहाचे विचारले तेव्हा आम्ही नको म्हटले, कारण आम्ही चहा-कॉफी घेत नाही. लँकेशायरमध्ये चहा नाकारणे हे महाराष्ट्रात नाकारण्याइतकेच अवघड आहे. आजोबांनी मात्र मनाला लावून घेतले नाही. लेकीला त्यांनी गरम पाण्यात व्हिम्टो करायला सांगितले. द्राक्षे आणि बेरीच्या रसाचे हे जांभळे सरबत १९०८ साली मँचेस्टरमध्ये निघाले, दारूबंदीच्या चळवळीच्या काळात, आणि थंडीत इकडे ते गरमच पितात. त्या चळवळीचे एक मोठे ठाणे हेच गाव होते: १८३२ साली जोसेफ लिव्हसी आणि आणखी सहा जणांनी प्रेस्टनमध्ये मद्य पूर्ण सोडण्याची शपथ लिहून सह्या केल्या होत्या.

मी धीर करून 'दी'बद्दल विचारले. आजोबा म्हणाले की, त्यांच्या लहानपणी घरात सगळे एकमेकांना तसेच बोलत. आई मुलाला, नवरा बायकोला, शेजारी शेजाऱ्याला, आणि कुत्र्यालासुद्धा. साचे दुरुस्त करणाऱ्या मुकादमाला इथे टॅकलर म्हणत. त्याला 'दी' म्हटले तर तो रागावे आणि मॅनेजरला तर तसे म्हणायची कुणाची छातीच नव्हती. मॅनेजरला 'यू'.

म्हणजे आपले 'तू'. आईला तू, आजीला तू, विठ्ठलाला तू. आणि कचेरीतल्या साहेबाला तुम्ही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दिवसभर फारसे घडले नाही. सकाळी जिल्ह्यातल्या धर्मसेवकांची साप्ताहिक बैठक झाली, दुपारी एका विद्यार्थिनीबरोबर तासभर धर्मग्रंथाचे वाचन झाले. साडेचारला अंधार पडला. नोव्हेंबरातला हा लवकरचा अंधार मला अजून सोसत नाही.

संध्याकाळी गावभर होळ्या पेटल्या. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी संसद उडवून देण्याचा कट केला होता. तो फसला त्याच्या आठवणीने इंग्लंडभर या रात्री शेकोट्या आणि फटाके असतात. मंडळीतल्या एका कुटुंबाने अंगणात जाळ केला होता. त्यांनी मोठ्या पातेल्यातून कपात काहीतरी वाढून दिले आणि मी पहिल्या घासाला गप्प झाले. काळे वाटाणे, रात्रभर भिजवून मऊ शिजवलेले, वरून मीठ आणि व्हिनेगर. याला पार्च्ड पीज म्हणतात आणि ते लँकेशायरचे खास खाणे आहे. ओले खोबरे आणि गरम मसाला असता तर ही माझ्या मालवणी मावशीच्या घरची काळ्या वाटाण्याची उसळ झाली असती. मी तीन कप खाल्ले.

ढग थोडे फाटले तेव्हा चंद्र दिसला, पूर्ण गोल. मग लक्षात आले की आज त्रिपुरी पौर्णिमा. आजीने अंगणात त्रिपुर वात लावली असेल. लहानपणी त्या वातीसाठी कापूस पिंजून देण्याचे काम माझे असे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी अ‍ॅव्हनहॅम बागेतून रिबल नदीवर गेलो. आमच्या मंडळीच्या इतिहासात या पाण्याला मोठे स्थान आहे, आणि मी कितीदाही तिथे जायला तयार असते. २० जुलै १८३७ रोजी हीबर किंबॉल आणि त्यांचे सहकारी अमेरिकेहून लिव्हरपूलला उतरले. मंडळीची स्थापना होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती आणि अमेरिका खंडाबाहेर गेलेले हे पहिले धर्मसेवक. दोनच दिवसांनी ते प्रेस्टनला पोचले, कारण त्यांच्यातल्या जोसेफ फील्डिंग यांचे भाऊ इथे व्हॉक्सहॉल चॅपलचे धर्मोपदेशक होते. व्हिक्टोरिया राणी नुकतीच गादीवर आली होती, निवडणूक चालू होती, आणि ते गाडीतून उतरत असताना त्यांच्या डोक्यावरच एक निशाण उलगडले, ज्यावर सोनेरी अक्षरांत 'सत्याचाच विजय होईल' असे लिहिले होते. निशाण निवडणुकीचे होते. त्यांनी मात्र तो शकुन मानला. रविवारी चॅपलमध्ये प्रवचन झाले, लोक ओढले जाऊ लागले, आणि भावाने व्यासपीठ बंद केले. ३० जुलैला या नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पहिला मान कुणाचा यासाठी दोघे काठावर धावत सुटले आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण पुढे निघाला. काठावर हजारोंची गर्दी होती असे किंबॉल यांनी लिहून ठेवले आहे.

आज काठावर आम्ही दोघीच होतो आणि एक माणूस कुत्रा फिरवत होता. पाणी चहासारखे तपकिरी, पावसाने फुगलेले. सोबतिणीच्या घरात चार पिढ्यांपासून हा विश्वास आहे. तिच्यासाठी ही कथा अंगाईसारखी आहे. माझ्या मनात इथे उभे राहिले की दुसरीच एक वाट येते. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश धर्मसेवक ब्रिटनमधून मुंबईला गेले आणि तिथून पुण्याला. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांपुढे ते बोलत. लष्करी अधिकाऱ्यांना ते खपले नाही. विरोध झाला तरी ते पुण्यात राहिले, मराठी शिकायला बसले, आणि मूठभर लोकांची एक शाखाही उभी राहिली. काही वर्षांतच भारतातले ते काम थांबले आणि शाखा टिकली नाही. मला त्या माणसाची मराठीची वही पाहायला मिळाली असती तर काय दिले असते! पुण्याच्या कुठल्याशा आळीत तो 'तू' आणि 'तुम्ही' यांचा घोळ घालत बसला असेल, जशी मी इथे प्रेस्टनच्या बोलीपुढे बसते.

दुपारी बागेजवळच्याच वस्तीत गेलो. या भागात गुजराती घरे पुष्कळ आहेत. साउथ मेडो लेनवर त्यांचे मोठे मंदिर आहे. एका दारात साठीच्या बाई आल्या. माझी नावाची पट्टी त्यांनी नीट वाचली, आडनाव वाचले, आणि हिंदीत विचारले, "महाराष्ट्रीयन? आणि हे काम?" मी हो म्हटले. त्यांनी आत बोलावले नाही, दारही लावले नाही. "आईबापांना सोडून दुसऱ्याचा देव घेतलास, त्यांना काय वाटले असेल?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या रागावलेल्या नव्हत्या; त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

माझ्याकडे पाठ केलेली उत्तरे आहेत. आईच माझ्याआधी या वाटेवर आली हेही सांगता आले असते. पण त्या प्रश्नात मला आजीचा तो महिना दिसला आणि तोंडून निघाले, "माझ्या आजीला फार वाईट वाटले होते. अजूनही वाटत असेल." बाईंनी माझ्याकडे पाहिले, थांबायला सांगितले आणि आतून कागदात गुंडाळलेला गरम ढोकळा आणून दिला. आम्ही आमचे पत्रक दिले नाही. परतताना सोबतिणीने विचारले की का दिले नाही. मी म्हटले, त्या घरात आज मी देणारी नव्हते.

माझा विश्वास खरा आहे. पण तो स्वीकारताना घरात कुणाला तरी दुखले होते, हे मी दारात उभी असताना विसरता कामा नये, असे मला वाटते. नाहीतर माझ्या बोलण्याला किंमत राहणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चॉर्लीतल्या आमच्या मंडळीच्या मंदिरात जाण्याची आज परवानगी होती. प्रेस्टनहून दक्षिणेला थोड्याच मैलांवर, महामार्गाच्या बाजूला, हिरवळीत उभी असलेली ही पांढऱ्या ग्रॅनाइटची वास्तू १९९८च्या जूनमध्ये तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांनी समर्पित केली. शेजारीच प्रशिक्षण केंद्र आहे, जिथे माझे इथले पहिले दिवस गेले. मंदिरातल्या विधींविषयी आम्ही बाहेर बोलत नाही, म्हणून तेही इथे लिहीत नाही. आत शांतता असते, सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात आणि कुजबुजत बोलतात, एवढे सांगता येईल. बंगळुरूलाही आमचे मंदिर उभे राहते आहे. आईच्या हातात हात घालून तिथे जाण्याचा बेत आम्ही आधीच ठरवून ठेवला आहे.

हिंक्ली हे १९३३ साली धर्मसेवक म्हणून पहिल्यांदा नेमले गेले ते प्रेस्टनलाच. मंदीचे दिवस होते, गिरण्यांवर अवकळा होती, कोणी ऐकत नव्हते, त्यात परागकणांनी त्यांना शिंका आणि डोळ्यांचे पाणी. त्यांनी वडिलांना लिहिले की मी माझा वेळ आणि तुमचा पैसा वाया घालवतो आहे. वडिलांचे उत्तर त्रोटक होते: स्वतःला विसर आणि कामाला लाग. वाधम रोडवरच्या भाड्याच्या घरात, वरच्या खोलीत, गुडघ्यांवर बसून त्यांनी आपला निश्चय केला आणि पुढचे सारे आयुष्य त्या दिवसावरून मोजले.

माझ्या तिसऱ्या महिन्यात मी असेच पत्र आईला लिहिले होते. पाठवले नाही. पण स्वतःला विसरणे मला तेव्हाही जमले नाही आणि आता कळते की माझ्या बाबतीत अडचण वेगळीच होती. मी प्रार्थना करत होते, नेमाने, सकाळ-संध्याकाळ; मात्र बोलत नव्हते. शब्द बरोबर असत, क्रम बरोबर असे, आणि संपल्यावर अर्ज दाखल केल्यासारखे वाटे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मंगळवारच्या आजोबांच्या लेकीने निरोप पाठवला होता की, जमल्यास मागचे आवारही एकदा साफ करून द्याल का. आम्ही दहालाच गेलो. कामाच्या बोलण्यात माझ्या सोबतिणीने गोधडीचा विषय काढला. आजोबांचे कान जवळजवळ गेलेले आहेत. साचेखान्यातल्या आवाजात वयाच्या पंधराव्या वर्षापासून काम केल्याचा तो परिणाम. तिथे कामगार ओठ मोठमोठे हलवून, आवाज न करता बोलत. त्याला मी-मॉ म्हणत. त्यांची लेक आजही त्यांच्याशी तशीच बोलते. गोधडी हा शब्द तिने तसाच, ओठांनी फोड करून, त्यांना दाखवला. ते म्हणाले, घेऊन या. खोली दोन गल्ल्यांपलीकडे, आम्ही आणली.

त्यांनी ती मांडीवर घेतली. वरचे नऊवारी त्यांनी फक्त चाचपले. फाटलेल्या कोपऱ्यातले आतले पांढरे कापड दिसताच मात्र लेकीला कपाटातून एक पितळी वस्तू आणायला लावली. काडेपेटीएवढी, तीन घड्यांची. उघडली की खाली एक इंचाची चौकोनी खिडकी आणि वर भिंग. कापडातले धागे मोजायचे ते साधन. त्यांनी कापडाची सुरकुती काढली, भिंग ठेवले, एक डोळा मिटला आणि सुईच्या टोकाने एकेक धागा ओलांडत मोजायला सुरुवात केली. वय ८८, हाताला कंप. पण सुई कापडाला टेकली की कंप थांबे. ओठ हलत होते. मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या. "उभे ५६, आडवे ४८," ते म्हणाले. मग अंगठा फिरवून: "धोती. मुंबई."

ते आजोबांचे धोतर होते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. गोधडीच्या पोटात आजीने काय काय घातले ते मी कधी विचारलेच नव्हते. संध्याकाळी आईला निरोप पाठवून विचारले तेव्हा उत्तर आले: हो, गिरणीतून मिळालेले धोतराचे शेवटचे पान.

मुंबई कशी ओळखली, असे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते मी घरी आल्याबरोबर लिहून ठेवले. ब्लॅकबर्नच्या गिरण्यांत तर पिढ्यान्‌पिढ्या धोतरेच विणली जात, हिंदुस्थानसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापूस यायचा थांबला तेव्हा इथे उपासमार झाली आणि मुंबईकडचा कापूस आला. मग मुंबईने स्वतः विणायला सुरुवात केली, मग बहिष्कार आला. त्यांची आई डार्वेनच्या गिरणीत होती. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी बेकार झालेल्या गिरणीकामगारांना भेटायला डार्वेनला आले, तेव्हा सोळा वर्षांच्या आईने इतर पोरींबरोबर त्यांचा जयजयकार केला होता. "ज्याच्यामुळे काम गेले त्याचाच?" असे मी विचारले. ते म्हणाले, आई सांगायची की तो माणूस आमच्या दारात आला, तोंड चुकवले नाही.

आवार साफ झाले. निघताना लेकीने सांगितले की येत्या मंगळवारी वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे आणि ते बोलत नसले तरी घाबरले आहेत. ही माणसे कॅथलिक, गेल्या मंगळवारीच त्यांनी स्पष्ट सांगितले होते की आपण आहोत तिथे बरे आहोत. आम्हीही पुन्हा तो विषय काढला नव्हता. तरी आजोबांनी प्रार्थना करशील का, असे मला विचारले. मी डोळे मिटले, हात बांधले आणि नेहमीचा पहिला शब्द ओठांवर आणला, तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या आईच्या बोलीत कर, पोरी. त्याला कळेल."

मी कधीच मराठीत मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. पहिले वाक्य जमेना. मग म्हटले, "देवा, तू इथे आहेस." आणि तिथून पुढे शब्द मला शोधावे लागले नाहीत. या आजोबांच्या डोळ्यांकडे बघ, म्हटले. त्यांनी आज माझ्या आजोबांचे धोतर ओळखले. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. यांच्या लेकीला धीर दे. माझ्या आजीचे गुडघे दुखतात, तिला या वर्षी पंढरपूरला जाता आले नाही, तू तिच्याकडे जा. हे शेवटचे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते बोलून झाल्यावर छातीत काहीतरी सैल झाले, जसे घट्ट पिळलेले कापड पाण्यात टाकल्यावर उलगडते, आणि शेगडीपासून दूर असूनही ऊब हातांपर्यंत आली. आमच्या मंडळीत याला पवित्र आत्म्याची साक्ष म्हणतात. दुसऱ्या कुणाला ती सिद्ध करून दाखवता येणार नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. मी तिथे होते.

"आमेन" सगळ्यांना कळले. आजोबांनी मला पांढऱ्या सुताचे एक जुने लाकडी रीळ दिले. गोधडीला टाका घालायला.

रात्री फोन आला. सहा आठवड्यांनी बदल्या होतात. माझी बदली झाली आहे, बुधवारी निघायचे. सोबतीण इथेच राहणार.

रविवार, ९ नोव्हेंबर

महायुद्धांतल्या मृतांच्या स्मरणाचा हा रविवार. सभेला येताना बहुतेकांच्या कोटांवर कागदी लाल पॉपी होती. ११ वाजता दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहिले, लहान मुलेसुद्धा. सेवाकाळात मी इंग्लंडबद्दल पुष्कळ शिकले, पण ही दोन मिनिटे मला सगळ्यांत जास्त भिडली. फ्रान्सच्या चिखलात माझ्या मुलखातलेही सैनिक गेले, त्यांच्यासाठी मी मनात मराठीतच बोलले. आता इंग्रजीकडे परत जावेसे वाटत नाही. आणि इंग्रजीत 'दी' म्हणायची वेळ येते तेव्हाही मला शेगडीजवळ ओढलेली खुर्ची दिसते.

भाकर आणि पाणी वाटले गेले. बदलीचे कळल्यामुळे इथल्या प्रमुखांनी मला पाच मिनिटे बोलायला सांगितले. प्रेस्टनची ही शाखा १८३७पासून खंड न पडता चालू आहे. आमच्या जगभरच्या मंडळीत इतकी जुनी दुसरी नाही. मी पुण्याच्या फिंडले यांच्या शाखेविषयी सांगितले, जी टिकली नाही, आणि ज्या कुणी त्यांना मराठीचे पहिले शब्द शिकवले असतील त्यांचे आभार मानले. खाली उतरल्यावर एका वृद्ध बाईंनी माझे दोन्ही हात धरून ठेवले.

संध्याकाळी खोलीत सामान काढून बसलो. सोबतीण माझे बूट पुसत होती, तिने ऐकले नाही. गोधडी पलंगावर पसरलेली, फाटका कोपरा माझ्याकडे. रविवारी आम्ही सुईचे काम करत नाही, म्हणून रीळ खिडकीत ठेवले. उद्या सकाळी ९ वाजता आजीला फोन लावायचा, भिंगाची गोष्ट सांगायची आणि फोन चालू असतानाच टाका घालायचा. कोणता टाका घालायचा ते तिलाच विचारायचे आहे.